दार लावून घेण्याचा हक्क : हेलफायर क्लबांची गोष्ट

१५ नोव्हेंबर १७६३ रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, एक मंत्री छापील कागद घेऊन उभा राहिला आणि मोठ्यानं एक कविता वाचू लागला. कविता इतकी अश्लील होती की एका सरदाराला ऐकवेना, त्यानं वाचन थांबवायची विनंती केली. बाकीचे ओरडले, 'होऊ द्या, पुढे वाचा!' वाचणाऱ्याचं नाव जॉन माँटेग्यू, सँडविचचा चौथा अर्ल. मुंबईत फुटपाथवर उभ्या उभ्या आपण हिरवी चटणी लावलेलं जे सँडविच खातो, त्याचं नाव याच माणसावरून पडलं. सर फ्रान्सिस डॅशवूडही त्या दिवशी सभागृहात होता. सैतानाला प्रवचन करताना मी आज पहिल्यांदाच ऐकतोय, असं तो म्हणाला म्हणे.

डॅशवूडला हे म्हणता येत होतं, कारण आतली गोष्ट त्याला ठाऊक होती. वाचणारा सँडविच, ज्याच्यावर कविता लिहिल्याचा आरोप होता तो खासदार जॉन विल्क्स आणि स्वतः डॅशवूड हे तिघंही एकाच गुप्त मंडळीतले होते. थेम्स नदीकाठच्या एका जुन्या मठात ही मंडळी संन्याशांचे झगे घालून, एकमेकांना 'बंधू' म्हणत, याहून फार वेगळं नसलेलं काव्य ऐकत बसायची.

आज या मंडळीला सगळे 'हेलफायर क्लब' म्हणून ओळखतात. हेलफायर म्हणजे नरकातला अग्नी. इंटरनेटवर शोधायला गेलं की काळी जादू, सैतानपूजा, भुयारातले बळी असलं काहीबाही समोर येतं. त्यातलं बहुतेक मागाहून रचलेलं आहे. खरी हकीकत मला त्याहून जास्त अस्वस्थ करते. ती समजून घ्यायची तर एक साधा प्रश्न हाताशी ठेवावा लागतो : अठराव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये आपल्या घराचं दार आतून लावून घ्यायची मुभा नेमकी कोणाला होती?

आधी त्या काळाचा कायदा बघू. ईश्वरनिंदा हा तेव्हा गुन्हा होता, आणि तो कागदावरचा गुन्हा नव्हता. जानेवारी १६९७ मध्ये स्कॉटलंडात एडिंबरा विद्यापीठातल्या थॉमस एकेनहेड या २० वर्षांच्या विद्यार्थ्याला त्याबद्दल फाशी झाली. मित्रांच्या गप्पांत त्यानं बायबलची टिंगल केली होती. थंडीनं काकडत असताना, यापेक्षा नरकात जाऊन अंग शेकावं असंही तो बोलून गेला होता. साक्षी दिल्या त्या बरोबरच्या मुलांनीच. पोरानं माफी मागितली, कळवळून अर्ज केले, पण उपयोग झाला नाही.

आता त्यानंतर बावीसेक वर्षांनी लंडनमध्ये काय झालं ते पाहा. फिलिप वॉर्टन हा १६९८ चा जन्म, विशीच्या आतच ड्यूक झालेला, बुद्धीनं तल्लख आणि हातानं उधळा. १७१९ च्या सुमारास त्यानं मित्रमंडळी जमवून जी बैठक सुरू केली, तिला हेलफायर क्लब हे नाव पडलं. इथं 'क्लब' म्हणजे जिमखाना डोळ्यापुढे आणू नका. लंडनमध्ये तेव्हा कॉफीहाउसं आणि दारूचे गुत्ते खच्चून भरलेले असत, आणि समान आवडीची माणसं ठरावीक दिवशी ठरावीक टेबलावर जमली की झाला क्लब. कवितेचे क्लब, राजकारणाचे क्लब, विज्ञानाचे क्लब, असे शेकडो असतील. वॉर्टनची मंडळी जमायची रविवारी, म्हणजे बाकीचं गाव चर्चमध्ये असताना. बायकाही सभासद होत्या. घरंदाज बाईनं गुत्त्यात जाणं शोभत नसे, म्हणून बैठका सभासदांच्या घरी होत. खाण्याच्या पदार्थांना पवित्र आत्म्याची वगैरे नावं देऊन ते धर्माची थट्टा करत, असं त्या वेळची पत्रकं सांगतात.

म्हणजे एकेनहेडनं केलं तेच. शब्द जरा जास्तच धीट असतील.

एप्रिल १७२१ मध्ये राजा पहिला जॉर्ज यानं अशा अधर्मी मंडळ्यांविरुद्ध फर्मान काढलं. वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. आदल्या वर्षीच साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून हजारो कुटुंबं धुळीला मिळाली होती, स्वतः वॉर्टनचाही पैसा त्यात बुडाला होता, आणि या घोटाळ्यात मंत्र्यांची नावं आली होती. लोक चिडलेले होते. वॉर्टन विरोधी बाकांवरून सरकारवर तुटून पडत होता. अशा वेळी 'देशावर देवाचा कोप झालाय तो या असल्या लोकांमुळे' असं म्हणणं सरकारच्या सोयीचं होतं. ईश्वरनिंदेविरुद्धचं नवं विधेयक लॉर्ड्समध्ये आलं तेव्हा वॉर्टन उभा राहिला, माझा असल्या कशाशी संबंध नाही म्हणाला, खिशातून घरातलं जुनं बायबल काढलं आणि त्यातलेच उतारे वाचून दाखवत विधेयकाला विरोध केला. विधेयक बारगळलं. वॉर्टनच्या केसालाही धक्का लागला नाही, उलट पुढच्याच वर्षी तो लंडनच्या फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळाचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, झाला. पुढे त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची राखरांगोळी केली. इंग्लंडच्या पदच्युत राजघराण्याला जाऊन मिळाला, १७२७ मध्ये जिब्राल्टरच्या वेढ्यात स्पेनच्या बाजूनं आपल्याच देशाविरुद्ध उभा राहिला, आणि १७३१ मध्ये स्पेनमधल्या एका मठात वयाच्या ३२ व्या वर्षी वारला. मठात, खऱ्याखुऱ्या संन्याशांच्या शुश्रूषेत.

आयर्लंडची गोष्ट जास्त रक्ताळलेली आहे. १७३५ च्या आसपास डब्लिनमध्ये रॉसचा पहिला अर्ल रिचर्ड पार्सन्स आणि कर्नल जॅक सेंट लेजर यांनी तिथला हेलफायर क्लब काढला. डब्लिनबाहेर माँटपेलियर टेकडीवर दगडी शिकारघराचे अवशेष आजही उभे आहेत, आणि तिथं सैतान पत्ते खेळायला आला होता, ही कथा तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. टेकडीवरचं पाच-एक हजार वर्षांपूर्वीचं थडगं मोडून त्याचे दगड या घराला वापरले, असंही लोक पिढ्यान् पिढ्या सांगत होते. २०१६ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उकरलं तर तिथं खरोखरच प्राचीन थडग्याचे अवशेष मिळाले. सैतानाची गोष्ट खोटी, दगडांची खरी. लोककथेचं हे असं असतं, ती सगळीच्या सगळी फेकून देता येत नाही.

पण मला थांबावंसं वाटतं ते हेन्री बॅरी, म्हणजे लॉर्ड सँट्री याच्यापाशी. हा याच क्लबातला म्हणून ओळखला जातो. १७३८ च्या उन्हाळ्यात पामर्सटाउनच्या जत्रेत, दारूच्या नशेत, त्यानं लॉफलिन मर्फी नावाच्या एका नोकराच्या पोटात तलवार खुपसली. मर्फी काही आठवडे तळमळून मेला. उमरावाचा खटला साध्या कोर्टात चालत नसे. त्याचा न्याय इतर उमरावांनीच, आपल्या सभागृहात बसून करायचा, असा त्यांचा विशेष हक्क होता. एप्रिल १७३९ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड्सनी सँट्रीला दोषी ठरवलं, फाशी सुनावली. इतपत झालं हेही त्या काळी विशेषच. आणि मग राजानं माफी दिली. सँट्रीच्या मामाच्या जमिनीतून डब्लिनचं पाणी येत होतं, त्यानं पाणी तोडायची धमकी दिली म्हणून ही माफी मिळाली, असं तिकडे सांगतात. ते खरं असो-नसो, सँट्री इंग्लंडला निघून गेला आणि अंथरुणात मेला. मर्फीचं नाव आपल्याला माहीत आहे ते केवळ मारणारा लॉर्ड होता म्हणून.

आता मूळ मठाकडे येऊ.

फ्रान्सिस डॅशवूडचा जन्म १७०८ चा. बाप व्यापारी, पूर्वेकडच्या व्यापारात गडगंज झालेला आणि सरदारघराण्याशी सोयरीक जुळवलेला. पंधराव्या वर्षी बाप गेला आणि पोराच्या हाती बकिंगहॅमशर परगण्यातली वेस्ट विकमची इस्टेट आली. अशी मुलं तेव्हा 'ग्रँड टूर'ला निघत. दोन-तीन वर्षं फ्रान्स, इटली फिरायचं, चित्रं-मूर्ती बघायच्या, विकत घ्यायच्या, आणि घरी जे करता येत नाही ते सगळं करून यायचं. डॅशवूड बऱ्याचदा गेला, रशिया आणि तुर्कस्तानापर्यंत पोचला. परत आल्यावर अशाच फिरून आलेल्या मित्रांबरोबर १७३४ च्या सुमारास त्यानं डिलेटान्टी सोसायटी काढली. हॉरेस वॉलपोल या लेखकानं तिच्याबद्दल लिहून ठेवलंय की सभासद व्हायला इटलीला जाऊन आलेलं असावं लागतं असं म्हणतात, खरी पात्रता मात्र दारू पिऊन तर्र असण्याची. तरी याच सोसायटीच्या पैशांवर पुढे ग्रीसमधल्या प्राचीन देवळांची मोजमापं आणि चित्रं झाली, ती आजही अभ्यासक वापरतात. या माणसांना एका शब्दात गुंडाळता येत नाही.

१७५१ च्या सुमारास डॅशवूडनं थेम्सकाठचा मेडमेनहॅमचा मठ भाड्यानं घेतला. हा मठ कॅथलिक संन्याशांचा, मध्ययुगातला. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं पोपशी फारकत घेतली, तेव्हा देशभरातले असे मठ बंद करून त्यांच्या जमिनी वाटून टाकल्या होत्या. तेव्हापासून इंग्लंड प्रॉटेस्टंट. ही पार्श्वभूमी कळली नाही तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं. डॅशवूडची मंडळी पांढरे झगे घालत, स्वतःला 'विकमच्या सेंट फ्रान्सिसचे बंधू' म्हणवत. असिसीचा संत फ्रान्सिस हा दारिद्र्याचं व्रत घेतलेला महात्मा, आणि इथला फ्रान्सिस म्हणजे खुद्द डॅशवूड. पण ही थट्टा होती ती कॅथलिक मठाची. प्रॉटेस्टंट इंग्लंडात पोपच्या संन्याशांची टर उडवणं हे जवळजवळ देशभक्तीचं लक्षण समजलं जाई. म्हणून सैतानपूजेचा आरोप मला पटत नाही. सैतानाला पुजायचं तर आधी त्याच्यावर विश्वास असावा लागतो, आणि ही माणसं त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची थट्टा करायला जमत होती. 'हेलफायर क्लब' हे नावही त्यांनी स्वतः कधी लावलं नाही. ते जुन्या वॉर्टनच्या क्लबाचं नाव लोकांनी नंतर यांना चिकटवलं.

मठाच्या दारावर फ्रेंचमध्ये एक ओळ कोरली होती, 'मनाला येईल ते कर'. आत जेवणाच्या दालनात दोन टोकांना दोन मूर्ती होत्या : एकीकडे हार्पोक्रेटीस, दुसरीकडे अँजेरोना, दोन्ही प्राचीन काळच्या मौनाच्या देवता. ओठांवर बोट ठेवलेल्या. इथलं इथंच राहू दे, असा त्याचा अर्थ विल्क्सनंच पुढे लिहून सांगितला. आणि तरी गुपित ते कसलं राहणार? वॉलपोल १७६३ मध्ये हा मठ बघून आला. त्यानं लिहिलंय की प्रत्येकाची वेगळी खोली आहे, वेगळा झगा, वेगळं मठातलं नाव, आणि एक देवघर आहे ज्यात बाहेरच्याला पाऊल टाकता येत नाही. पण उत्सवाआधी मठात जी दारूची पिंपं आणि ज्या बायका आणल्या जात, त्यावरून हे कसले संन्यासी ते आजूबाजूच्या गावांना आपोआप कळत होतं.

या बायकांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यांना तिथं 'साध्वी' म्हणत. काही जणी लंडनच्या कोठ्यांवरून आणलेल्या, काही मुखवटे घालून आलेल्या प्रतिष्ठित घरच्या, असं त्या वेळच्या लिखाणात येतं. पुरुषांच्या याद्या अभ्यासकांनी दोन-अडीचशे वर्षं घासूनपुसून लावल्या : डॅशवूड, सँडविच, विल्क्स, कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा थॉमस पॉटर, राजकारणी बब डॉडिंग्टन, कवी पॉल व्हाइटहेड. बायकांची मात्र खात्रीची अशी यादीच नाही. त्यांनी हे हौसेनं केलं, पोटासाठी केलं की कुणी ढकललं म्हणून केलं, हे सांगणारा त्यांचा स्वतःचा एक कागद नाही. 'मनाला येईल ते कर' ही ओळ कुणाच्या मनाबद्दल होती, हा प्रश्न तिथं येऊन थांबतो.

डॅशवूड स्वतःला कसा बघत होता, ते विल्यम होगार्थनं काढलेल्या त्याच्या चित्रात स्पष्ट दिसतं. चित्राची मांडणी थेट संतांच्या चित्रासारखी. डॅशवूड संन्याशाच्या झग्यात गुडघ्यावर टेकलाय. अशा चित्रांत समोर क्रूस असतो, इथं नग्न व्हीनसची छोटी मूर्ती आहे. धर्मग्रंथाच्या जागी एक चावट कादंबरी उघडी पडलीय. आणि डोक्यामागचं तेजोवलय नीट निरखलं तर त्यात एक चेहरा डोकावताना दिसतो. तो सँडविचचा आहे. एवढं सगळं पैसे देऊन, देशातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकाराकडून रंगवून घ्यायचं, याला गुप्तता म्हणत नाहीत. आपलं कुणी वाकडं करणार नाही याची ती खात्री आहे.

आणि ती खात्री रास्त होती. १७६२ च्या शेवटी, म्हणजे ही मंडळी भरात असतानाच, लंडनमध्ये पीटर ॲनेट नावाच्या जवळपास सत्तरीच्या शाळामास्तरावर खटला चालला. बायबलमधल्या मोझेसच्या ग्रंथांवर शंका घेणारं एक छोटं नियतकालिक तो काढत असे. त्याला महिनाभर तुरुंग झाला. शिवाय 'ईश्वरनिंदा' लिहिलेला कागद कपाळाला लावून दोन वेळा भर चौकात लाकडी खोड्यात उभं केलं गेलं आणि वर एक वर्षाची सक्तमजुरी. त्या वर्षी ब्रिटनचा अर्थमंत्री कोण होता? सर फ्रान्सिस डॅशवूड.

अर्थमंत्री म्हणून तो सपशेल पडला. पाच आकडी रक्कम म्हणजे त्याच्यासाठी न उलगडणारं कोडं, अशी त्याची ख्याती होती. सात वर्षांचं युद्ध नुकतंच संपलं होतं, तिजोरी रिकामी होती, तेव्हा १७६३ मध्ये त्यानं सायडरवर, म्हणजे सफरचंदांच्या दारूवर, पिंपामागे चार शिलिंग कर बसवला. आपल्याला हा मामुली कर वाटेल. पण इंग्लंडच्या पश्चिम भागात सायडर घरोघरी, शेतकऱ्याच्या परसात बनत असे. कर मोजायचा तर सरकारी निरीक्षकाला शेतकऱ्याच्या घरात घुसायचा अधिकार द्यावा लागला. गावोगाव दंगे झाले. याच वादात खासदार विल्यम पिट बोलला ते वाक्य पुढे शतकानुशतकं उद्धृत झालं : गरिबाची झोपडी मोडकी असेल, तिच्यात वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण इंग्लंडचा राजा शिरू शकणार नाही. जो माणूस नदीकाठी अख्खा मठ भाड्यानं घेऊन दारं लावून बसत होता, त्याच्याच कायद्यानं शेतकऱ्याच्या परसाचं दार उघडलं. त्याला त्यात काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या जगात दार ही इस्टेटीबरोबर येणारी गोष्ट होती.

आता विल्क्स. हा जन्मानं उमराव नव्हताच. दारू गाळणाऱ्याचा मुलगा, तिरळा, दिसायला कुरूप, पण बोलायला लागला की अर्ध्या तासात समोरच्याला चेहऱ्याचा विसर पडतो अशी स्वतःच फुशारकी मारणारा. पॉटरनं त्याला या वर्तुळात आणलं. १७५७ मध्ये तो खासदार झाला. १७६२ मध्ये पंतप्रधान ब्यूट याच्याविरुद्ध त्यानं 'नॉर्थ ब्रिटन' हे साप्ताहिक काढलं. ब्यूटच्याच मंत्रिमंडळात डॅशवूड. म्हणजे मठातले बंधू आता समोरासमोर आले. २३ एप्रिल १७६३ च्या ४५ व्या अंकात विल्क्सनं राजाच्या भाषणावरच टीका केली. सरकारनं 'जनरल वॉरंट' बजावलं. हे वॉरंट काय ते समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथं वळते. त्यात कुणाचं नाव नसे. या अंकाशी संबंधित जे कोणी असतील त्यांना धरा, घरांची झडती घ्या, कागद उचला, एवढंच. ४९ माणसं धरली गेली. त्यात छापखान्यातले साधे कामगार होते, ज्यांनी फक्त छपाईचे खिळे जुळवले होते. विल्क्सच्या घरातली कपाटं फोडून कागद गोणीत भरून नेले. तो खासदार असल्यानं आठवडाभरात सुटला, आणि लंडनच्या रस्त्यांवर 'विल्क्स आणि स्वातंत्र्य' ही आरोळी घुमू लागली.

सरकारला आता त्याला दुसऱ्या कशाततरी अडकवायचं होतं. पॉटर आणि विल्क्स यांनी बऱ्याच आधी, अलेक्झांडर पोप या कवीच्या गंभीर काव्याचं विडंबन म्हणून, ती अश्लील कविता रचली होती. विल्क्सनं ती मित्रांपुरत्या मोजक्या प्रतींत, घरच्या छापखान्यात छापायला घेतली होती. छापखान्यातल्या एका माणसाला पैसे चारून सरकारनं पानं मिळवली. पण खासगी कवितेवर लॉर्ड्सना कारवाई करता येणार कशी? तर त्यातल्या टीपा थट्टेनं बिशप वॉरबर्टनच्या नावावर घातल्या होत्या, आणि बिशप हा त्या सभागृहाचा सदस्य. म्हणून झाला सभागृहाच्या हक्काचा भंग. आणि वाचून दाखवायला कोण उभा राहिला? नुकताच मंत्री झालेला सँडविच.

लोकांना हे आवडलं नाही. कविता आवडली असं नव्हे, पण ज्या ताटात जेवला त्याच ताटाची चुगली सँडविचनं केली, हे सामान्य माणसाला लगेच कळलं. तेव्हा गाजत असलेल्या एका संगीत नाटकात दरोडेखोराचा साथीदार जेमी ट्विचर त्याला पकडून देतो. 'जेमी ट्विचरनं माझी चहाडी करावी, याचं मला नवल वाटतं' या अर्थाचं वाक्य आलं तेव्हा अख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. सँडविच पुढे नौदलाचा मंत्री झाला, कॅप्टन कुकनं बेटांना त्याचं नाव दिलं, तरी लंडनला तो मरेपर्यंत जेमी ट्विचरच राहिला.

विल्क्सचे पुढे हाल झाले. कविता वाचली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका खासदाराशी झालेल्या द्वंद्वात त्याला पोटात गोळी लागली. वर्ष संपता संपता तो पॅरिसला पळाला, खासदारकी गेली, फरारी म्हणून जाहीर झाला. १७६८ मध्ये परतला, तुरुंगात गेला, तिथून पुन्हा पुन्हा निवडून आला, आणि १७७४ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, झाला. पण मला महत्त्वाचे वाटतात ते त्या छापखान्यातल्या कामगारांचे खटले. पकडलेल्यांनी सरकारवर नुकसानभरपाईचे दावे लावले आणि ज्युरींनी ते मान्य केले. तशाच झडतीच्या आणखी एका प्रकरणात, एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन या १७६५ च्या खटल्यात, न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की कायद्यानं दिलेला अधिकार दाखवल्याशिवाय सरकारला कुणाच्याही घरात शिरता येणार नाही, कागद उचलता येणार नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेतली झडतीविरुद्धची चौथी दुरुस्ती याच भांडणाच्या आठवणीतून आली. सायडरवरचा करही १७६६ मध्ये मागे घ्यावा लागला.

मठ मात्र १७६३ च्या बोभाट्यानंतर विरत गेला. अफवा तेवढ्या फोफावल्या. सर्वांत लाडकी गोष्ट अशी : सँडविच सैतानाला आवाहन करत असताना विल्क्सनं पेटीत लपवलेला, शिंगं लावलेला बबून माकड सोडला, तो सँडविचच्या खांद्यावर बसला आणि सँडविच 'मी खरा पापी नाही, नुसतं ढोंग करतो' म्हणत गयावया करू लागला. हा बबून भारतातून हेन्री व्हॅन्सिटार्टनं आणला होता म्हणतात. व्हॅन्सिटार्ट खरा माणूस, या मंडळीतला समजला जाणारा, आणि पानिपतावर आपली माणसं पडत होती तेव्हा कलकत्त्यात बंगालचा गव्हर्नर होता. पण बबून आफ्रिका-अरबस्तानातला प्राणी, तो भारतात नसतोच. आणि ही सगळी गोष्ट आली आहे ती १७६५ मध्ये निघालेल्या एका कादंबरीतून. बेंजामिन फ्रँकलिनचंही नाव घेतात. तो डॅशवूडचा स्नेही होता, १७७३ मध्ये वेस्ट विकमला राहिला, दोघांनी बसून चर्चची प्रार्थना छोटी आणि सुटसुटीत करायचं काम केलं. मठाचे दिवस तोवर मावळले होते.

खरे कागद फारसे उरलेच नाहीत. व्यवस्था पाहणारा कवी व्हाइटहेड १७७४ मध्ये वारला. मरायच्या आधी त्यानं जवळचे कागद जाळून टाकले असं सांगतात. मृत्युपत्रात मात्र आपलं काळीज डॅशवूडला ठेवलं आणि ते कलशात घालायला ५० पौंड. वेस्ट विकमच्या टेकडीवरच्या षट्कोनी समाधीत तो कलश मिरवत नेऊन ठेवला. पुढे कुणीतरी ते काळीज चोरलं.

आज पर्यटक जातात ते टेकडीखालच्या भुयारांत. तिथं अंधार, मेणाचे पुतळे, पाण्याचा एक ओहोळ, ज्याला नरकातल्या स्टिक्स नदीचं नाव दिलंय. पण ही भुयारं खणली गेली ती १७४८ ते १७५२ च्या सुमारास, पिकं बुडाली होती तेव्हा. डॅशवूडनं गावातल्या बेकार मजुरांना दिवसाला एक शिलिंग देऊन चुनखडी उकरायला लावली. दुष्काळी कामच म्हणा. पोटाला काम मिळावं म्हणून सरकारनं अशी कामं काढावीत, असं विधेयकही त्यानं संसदेत आणलं होतं, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. निघालेल्या खडूच्या दगडांचा रस्ता झाला, वेस्ट विकमपासून हाय विकमपर्यंत, दोरी लावल्यासारखा सरळ. तो अजून आहे, आता लंडन-ऑक्सफर्ड महामार्गाचा भाग, आणि त्याच्यावरून दिवसभर गाड्या धावत असतात.